पट्टीशी बोलणारा भाडेकरू

आमच्या नार्वे गावच्या घरी कोल्हापूरकडचा एक भाडेकरू आहे. तुये गावच्या कारखान्यात तो कागदाच्या पट्ट्या बनवतो. पट्टीवर म्हणे सोन्याची इतकी बारीक कणी असते की डोळ्यांना दिसत नाही. पाण्यात विषारी धातू असला तर गुलाबी पट्टी निळी होते. मी शाळेचं तोंड बघितलेलं नाही, म्हणून पहिल्याच दिवशी विचारलं, "हिचं मंगळसूत्र होईल?" तो हसला नाही. कधीच हसत नाही. दिसेल त्या पाण्यात पट्टी बुडवतो आणि तिच्याशी पुटपुटतो, "सांग बाई, खरं सांग."

रविवारी म्हणाला, "मामा, तुमच्या विहिरीचं पाणी बघू." माणसाला पाणी द्यायचं म्हणून मी चिंचेने घासलेल्या तांब्याच्या कळशीतून आणलं. पट्टी निळी झाली.

"ही तुमच्या कळशीचं सांगते, मामा. विहिरीचं विचारायला काचेची बाटली लागते."

मी कपाळावर हात मारला. त्याने स्वतःच बाटली दोरीला बांधून विहिरीत सोडली. वर काढून पट्टी बुडवली. पट्टी पुन्हा निळी झाली, आधीपेक्षा काळपट.

"आता कोणाचं सांगते? माझ्या टकलाचं?" मी म्हटलं.

त्याने रहाटाची दोरी सोडली, हळूहळू गुंडाळली, आपल्या खोलीत नेली आणि बाहेरून कुलूप घातलं.

तेवढ्यात आतून बायकोने हाक मारली, "अवो, आणखी पेज वाढू?"

मघाशी दोन वाट्या मी उभ्यानेच ओरपल्या होत्या.