मामांनी बुडवलेली नाव

पूर्णेवर पूल झाला तसं माझ्या मामांच्या नावेत कोणी बसेना. तीस वर्षं त्यांनी माणसं, बकऱ्या, कापसाची गाठोडी पार नेली होती. लाकडासाठी एक जण नाव विकत मागायला आला, त्याला त्यांनी दारातूनच परतवून लावलं. मग एका उन्हाळ्यात नाव डोहाच्या मधोमध नेली, दगडांनी भरली आणि तळाला भोक पाडून बुडवली.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी अकोल्याला कचेरीत कारकून होतो. दोन वर्षांनी सुटीत घरी आलो तेव्हा मामा मला डोहावर घेऊन गेले.

"खाली जाऊन पाह्य. मासोया राहून राहिल्या तिच्यात. पन कोनाले सांगू नोको."

मी बुडी मारली. उघड्या डोळ्यांना नावेचा नुसता काळा आकार दिसला, आणि आत काहीतरी सळसळलं.

अकोल्यात माझ्या शेजारच्या खोलीत माझा शाळेपासूनचा मित्र राहायचा. विहिरी खोदणाऱ्या ठेकेदाराकडे तो सुरुंग लावायचं काम करी. परतलो तर म्हणाला, "कावून डोळे लाल झाले तुहे?" मी सगळं सांगून टाकलं. चार दिवसांत त्यानं सायकलच्या ट्यूबमध्ये काचा बसवून दोन चष्मे केले. असं कुणी केल्यावर त्याला सोबत न नेणं मला जमलं नाही.

आम्ही दोघं एकदमच खाली गेलो. फळ्यांच्या आडोशाला एक मोठी मरळ स्थिर उभी होती. दगडांमधून सापासारखी लांब वाम निघाली आणि पुन्हा आत शिरली. वर येऊन त्यानं धापा टाकत माझा खांदा धरला. "गड्या, खाली तं गावच हाय!" कुणाला सांगणार नाही म्हणून आईची आण घेतली.

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी न कळवता घरी गेलो. दुपारी जेवताना नदीकडून धप्प आवाज आला. धावलो. डोहभर पांढरी पोटं तरंगत होती, मधे फळ्यांचे तुकडे. कमरेइतक्या पाण्यात माझा मित्र टोपलीत मासे भरत होता.

"मले वाटलं तू अकोल्यालेच असशीन," तो म्हणाला.

त्यानं दुसरं काही म्हटलं असतं तर मी कदाचित ऐकून घेतलं असतं.

"ठेकेदाराकडं पाहुणे हायेत. एकच सुरुंग लावला, बाप्पा."

तोवर मामा आले. पाण्याकडं बराच वेळ पाहिलं. "जागा कोनं दाखवली?"

मित्रानं माझ्याकडं पाहिलं.

"म्या," मी म्हणालो.

मामा घराकडं वळले.

मित्रानं महिनाभरात खोली बदलली. बाजारात दिसला की मीच रस्ता ओलांडायचो. मामा पुढं माझ्याशी पिकाचं बोलले, आईच्या दम्याचं बोलले, माझं लग्नही त्यांनीच जमवलं. नदीचा विषय मात्र माझ्यासमोर कधी काढला नाही.