खंडेनवमीचा हार

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण घेतल्याशिवाय तुमाला कळायचं कसं? मच्छिंद्र. देवळाली प्रवरेकडच्या एका साखर कारखान्यात दारूची भट्टी, म्हंजे डिस्टिलरी हाय, तिथं वायरमन. हात लई साफ. आणि तोंड? तोफखाना! स्पिरिटच्या खोलीत वाफ कोंडते, ठिणगी पडली की भडका. म्हणून हे दारात उभं राहून एकेकाचे खिसे चाचपायचे. बिडी सापडली की सात पिढ्यांचा उद्धार.

तिथली विजेची बटणं जाड बिडाच्या, म्हंजे ओतीव लोखंडाच्या पेटीत, चहूकडून बोल्ट आवळलेले. आत ठिणगी उडाली तरी जाळ आतच मरावा, बाहेरच्या वाफेला लागू नये, एवढ्यासाठी.

त्र्याहत्तरची खंडेनवमी आली, हत्यारांच्या पूजेची. "दिवा न्हाई, उदबत्ती न्हाई, निस्ती फुलं," यांचाच हुकूम. शहाणपणाचा! पण बिडाच्या गुळगुळीत पेटीला झेंडूचा हार अडकवायचा कुठं? यांनी वरचा एक बोल्ट काढला, भोकातून तार ओवली, हार बांधला. सण झाला, हार सुकून गळाला. बोल्ट घालायचा राहिला तो राहिलाच.

दिवाळी सरली. भट्टीत कामाला असलेल्या बन्सी नावाच्या पोरानं बटण दाबलं आणि आतला जाळ त्या भोकातून भसकन बाहेर आला. खोली वाचली, पण पोराचे दोन्ही हात होरपळले. हे धावत गेले आणि काही बघायच्या आत वरडले, "मुडद्या, बिडी वढलीस ना!" बन्सीला मागं एकदा दारात बिडीसकट धरलेलं हुतं. यांच्या शब्दावर साहेबानं त्याला कामावरून काढलं.

पेटी दुरुस्तीला खोलली तेव्हा यांना ते मोकळं भोक दिसलं. घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसले. भाकरी खाईनात.

"रतन, हात माझ्यामुळं भाजले, अन् वर मीच त्याला गुन्हेगार केलं. मेल्याहून मेल्यासारखं झालंय गं."

"मग बसलात काय? जा, सांगा!" मी म्हणलं. राग आला हुता मला, लई.

गेले. फाटकात साऱ्यांदेखत सांगितलं. बन्सीला परत घेतलं, यांना वायरमनकीवरून काढून उसाच्या गाड्या तोलायच्या काट्यावर धाडलं.

पण लोक! म्हणाले, मच्छिंद्राच्या हातून असं व्हायचंच न्हाई. बन्सीची आई साळूबाई एकटी विधवा, तिच्याकडं बघून यानं आळ स्वतःवर घेतला. देवमानूस!

दुसऱ्या दिवशी मायलेक दारात. पट्ट्या बांधलेले हात जोडत बन्सी पायावर वाकला.

"दादा, माझ्यासाठी खोटं बोललात."

"खोटं न्हाई रे! बोल्ट मीच काढला, आईची आण!"

"असू द्या. आमाला समजतंय."

साळूबाईनं यांच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. हे पाय मागं घेत खाली बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले.

"बघ बन्सी," म्हातारी म्हणाली, "किती माया हाय तुज्यावर!"