रुईची वाटणी

रंकाळ्यापलीकडच्या कॉलनीत तानाबाईंचं घर शोधायला नंबर लागत नाही. बाकीच्यांच्या दारात गुळगुळीत लॉन आणि नर्सरीतली बिनवासाची झुडपं. यांच्या दारात रुई, आघाडा, कढीपत्ता, रानतुळस. सगळं सुनेनं, स्वप्नालीनं, फुलपाखरं-मधमाश्यांसाठी लावलेलं. तानाबाई मूळच्या शाहूवाडीच्या. "जे उपटण्यात माझा जल्म गेला, ते ही इकत आणून लावतीया," असं त्या येईल त्या पावण्याला सांगत.

पण मुलगा अमरसिंह बँकेच्या नोकरीपायी भंडाऱ्याला अडकला, आणि तानाबाई मारुतीला बोलून बसल्या : पोराची बदली कोल्हापूरला कर, होईपर्यंत दर शनिवारी माझ्या दारच्या रुईचा हार घालतो. त्या दिवसापासून फुलपाखरांची रुई मारुतीची झाली. फुलपाखरांना मात्र हे कुणी कळवलं नाही.

एका शनिवारी त्या न्हाऊन पानं तोडायला गेल्या, तर फांदीफांदीवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या. एक पान धड नाही.

"आता औषधच मारतो!"

"मारा की," स्वप्नाली म्हणाली. "मग इषारी पान देवाच्या गळ्यात घाला."

तानाबाई थबकल्या. "मग चिरडतो."

"शनवारी? अंघोळ करून?" सुनेला शास्त्र माहीत नव्हतं, सासू माहीत होती.

शेवटी त्यांनी अळ्या अलगद बाजूच्या फांदीवर सोडल्या आणि भोकाभोकाच्या पानांचाच हार गुंफून देवळात नेला. गुरव बाळासोनं तो उजेडात धरला.

"तानाक्का, देवाला किड्याचं उष्टं?"

"पंचामृतात दूध घालतोस ते वासराचं उष्टं, मध माशीचं. त्ये चालतंय, आन अळीनंच काय घोडं मारलंय रं?"

रांगेतल्या बायका हसल्या. हार चढला.

पुढं बदली झाली. कोल्हापूर जिल्ह्यातच, पण पार चंदगडला.

"अर्धी पानं, अर्धा कौल," बाळासो म्हणाला. तानाबाईंनी त्या दिवशी त्याच्या हातचा अंगारा घेतला नाही, पण बोच राहिलीच. देवाशी वाकडं घेण्यापेक्षा वाटणी बरी, म्हणून त्यांनी कुंपणाशी दुसरी रुई लावली. ती चांगली वाढल्यावर दोन्हींपुढं उभ्या राहून फुलपाखरांना मोठ्यांदा बजावलं, "थोरली मारुतीची. धाकटी तुमची. भांडायचं न्हाय."

तेवढ्यात एक तांबूस फुलपाखरू आलं. धाकटीवर जरासं टेकलं, उडालं आणि थोरलीच्या पानाखाली अंडं घालून निघून गेलं.

"आत्ती, बघितलासा?" स्वप्नालीनं विचारलं.

तानाबाई डोळे मिटून मारुतीशी काहीतरी पुटपुटल्या. मग सुनेकडं वळल्या.

"अमरला फोन लाव. म्हणावं, चंदगडलाच चांगलं घर बघ. हितं एवढ्यात धड पान मिळंल असं काय दिसत न्हाय."