तिकडचा टायर

आमच्या फियाटच्या डिकीतली धडधाकट स्टेपनी मी एका माणसाला देऊन टाकली आणि तिच्या बदल्यात सायकलला मोठा नि मोटारीला लहान असा एक परदेशी टायर ठेवून घेतला. वर त्या माणसाला चहा पाजला. आलं घालून. त्या टायरापायी पुढे एका म्हातारीचा जीव जायची वेळ आली, तेव्हा मी हसत सांगितलं तरी तुम्ही फार हसू नका. विशीत केलं असतं तर वयावर ढकललं असतं. पण मी चाळिशीची होते, दोन मुलांची आई होते आणि स्वतःला महाडातली सगळ्यात हुशार बाई समजत होते.

तो आमच्या घराखालच्या गाळ्यातला दुकानदार. पस्तिशीचा, अविवाहित, काटकुळा. "तिकडं असं नाय, वहिनी," हे त्याचं वाक्य. तिकडं म्हणजे आखातात. तो तिकडं किती राहिला हे कुणालाच धड माहीत नव्हतं. तो स्वतः कधी पाच वर्षं सांगे, कधी सात. आमच्या ह्यांच्या मते एक पावसाळा. महाडात तिकडं जाऊन आलेली माणसं पुष्कळ. ती गपगुमान घर बांधत, बहिणींची लग्नं लावत आणि रजा संपली की परत जात. हा एकटाच परत येऊन बोलत बसला होता.

दुकान मोटारीच्या नटण्यामुरडण्याचं. सीटकव्हर, आरशाला टांगायचे गोंडे, हॉर्न आणि मुंबईहून गोणीत भरून आणलेलं परदेशी गाड्यांचं उतरवलेलं सामान. हॉर्न विकता विकता तो गिऱ्हाइकाला सांगे, "तिकडं हॉर्न कुणी वाजवत नाय. वाजवला म्हंजे समोरच्याला शिवी दिली." आणि मग तीन सुरांचा हॉर्न गल्ली हादरेपर्यंत वाजवून दाखवी. पोलादपूरचे ट्रकवाले तो हौसेने घेऊन जात. एवढ्या स्वस्तात एवढी मोठी शिवी त्यांना कुठे मिळणार?

स्वतःकडे गाडी नव्हती. चालवताही येत नव्हती. "तिकडं मला ड्रायव्हर होता," म्हणे. तो ड्रायव्हर कंपनीच्या बसचा होता आणि त्या बसमध्ये आणखी पन्नास जण असत, हे पुढे त्याच्याच गावच्या एकाने सांगितलं. पण खोटं म्हणता यायचं नाही. ड्रायव्हर होताच.

असा एखादा तुमच्याही गल्लीत असेल. तुम्ही त्याच्याकडे बघून मान वळवत असाल. मी वळवली नाही. मी त्याची पट्टशिष्या होते.

त्याचं असं झालं की, आमच्या ह्यांनी एका वकिलांची जुनी फियाट घेतली आणि पहिल्याच आठवड्यात भाजीच्या हातगाडीवर घातली. मग किल्ली माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "तुला हौस आहे, तूच बघ." मी शिकले. बाजारातून गाडी काढताना मान अशी ताठ ठेवायची की आरशात मागचं काहीही दिसायचं नाही. डोळ्यांवर गॉगल. तो अर्थात त्याच्याच दुकानातला. अशा बाईला तिकडच्या गोष्टी सांगणारा गुरू मिळाला, मग काय विचारता!

एकदा त्याने घडीचा टायर आणला. खरंच घडीचा, हवा काढून पोटात मुडपलेला. जुन्या जर्मन गाडीतला म्हणाला. सोबत हवेची लहानशी नळकांडी. "तिकडं बाईमाणूस फुगवतं ह्यो. दोन मिनटात." दुकानासमोर गर्दी जमवून त्याने नळकांडी लावली. फुस्स झालं, नळकांडीवर दहिवर जमलं आणि टायर सुस्कारे टाकत फुगला. टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्या माझ्या. संध्याकाळी दुकान बंद करताना मात्र त्याची पुन्हा घडी होईना. त्याने त्यावर गुडघा रोवला, मग बसला, मग उड्या मारल्या. शेजारचा शिंपी म्हणाला, "भाऊ, इस्त्री आणू का?" शेवटी तो टायर कायमचा दुकानाच्या मधोमध राहिला आणि त्यात एक मांजर व्याली.

यावरूनही मी काही शिकले नाही.

एक दिवस त्याने मला फियाटची डिकी उघडायला लावली. आतली स्टेपनी पाहून असा चेहरा केला, जणू मी तिथे म्हैस बांधली आहे.

"वहिनी, एवढं धूड घेऊन फिरता? निम्मी डिकी खाल्लीन् तिनं. तिकडं हे कवाच बंद झालं."

"मग तिकडं पंक्चर झाल्यावर?"

"बारीक टायर. टेम्पररी. पंक्चरवाल्यापर्यंत जायचं, बास. जलमभर त्याच्यावर थोडंच फिरायचं हाय?"

दुकानात जाऊन तो टायर घेऊन आला. अरुंद, काळाकुळकुळीत, पिवळ्या चकतीवर बसवलेला. कुठल्याशा जपानी गाडीचा. कडेला इंग्रजीत लिहिलं होतं की ऐंशीच्या वर पळवू नये. आमची फियाट उताराला, वारा पाठीशी असताना सत्तरला जायची. तिच्याकडून कुणीतरी ऐंशीची अपेक्षा धरली, याचाच मला कोण अभिमान वाटला!

आमचे हे गॅलरीतून म्हणाले, "एकदा लावून तरी बघा."

"तिकडं काय सगळे लावून बघत बसतात?" मी म्हणाले.

हे वाक्य माझं. त्याचं नव्हे. त्याने नुसतं कौतुकाने माझ्याकडे पाहिलं, जसं मास्तर पहिल्या आलेल्या मुलीकडे पाहतात. स्टेपनी खांद्यावर टाकून तो गेला. चार दिवसांनी मला ती पोलादपूरच्या एका टॅक्सीला लागलेली दिसली; चकतीवरचा निळा ऑइलपेंट माझ्याच हातचा होता. टॅक्सीवाल्याने मला ओळखून हातसुद्धा केला. मीही केला.

पुढे भाताची झोडणी आटपली आणि तो दारात उभा राहिला. "वहिनी, डिकी आता मोकळी झालीच हाय. कापड्याला जाऊन येऊ. आईकडनं नवा तांदूळ आणायचाय. दोनच गोणी."

डिकी कुणासाठी मोकळी झाली होती ते तेव्हा कळलं. तरी गेले. गाडी न्यायची म्हटल्यावर मी यमाकडेही गेले असते.

कापड्याला त्याची आई एकटी राही. काटक, बुटकी, तोंडात मिश्री. आपलं खाचर स्वतः लावायची, स्वतः कापायची. हा महिन्यातून एकदा जायचा तो काहीतरी उचलून आणायला. त्याचा गॉगल पाहून ती म्हणाली, "काय रे, डोळं आलं का?" मग मला म्हणाली, "तू चालवतस? नि ह्यो नुसता बसतो? आमच्यात नवरी बसते अशी."

"तिकडं—" त्याने सुरुवात केली.

"तू गप. गोणी उचल."

त्याने पाठ धरली. "माझ्या मणक्यात गॅप हाय, आई." गोणी शेजारच्या दोघींनी उचलल्या. म्हातारी गोणीखाली अंथरायला उडवीतून पेंढा ओढू लागली आणि एकदम हात झटकून खाली बसली. पेंढ्यातून विंचू सरसरत निघाला. लहानसा, लाल.

आमच्या भागात लाल विंचवाला कुणी हसत नाही. काळा नुसता रडवतो, लाल माणूस नेतो. शेजारीण म्हणाली, "बाई, मंत्रबिंत्र नको. महाडला काढा हिला." बोलता बोलता म्हातारीच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. मागच्या सीटवर घातली तेव्हा तिचे हात मडक्यासारखे गार होते. ती फक्त म्हणाली, "वेळेत पोचव गो." एवढंच काम होतं माझ्याकडे.

पोलादपूर अजून बरंच लांब असताना मागचं चाक बसलं. बैलाच्या नालेचा खिळा. मी जॅक लावला, चाक काढलं. जड गोणी रस्त्यावर ओढल्या, कारण मोकळ्या डिकीत त्यांच्या तळाशी तो तिकडचा टायर होता. चढवायला गेले तर भोकं जुळेनात. आमच्या गाडीचे बोल्ट एकीकडे, टायराची भोकं दुसरीकडे.

"फिरवून बघा, वहिनी."

फिरवला.

"उलटा लावा."

गोल वस्तू कितीही फिरवली तरी तिची भोकं एकमेकांपासून तेवढीच दूर राहतात, हे बाराखडी येणाऱ्या माणसाला कळतं. आम्ही दोघं मात्र फिरवत होतो. मागे म्हातारी ओकली.

तेव्हा तो काय म्हणाला सांगू? म्हणाला, "टायर बरोबर हाय. तुमच्या गाडीची भोकं चुकीची हायत."

मी हातातला पाना त्याच्या डोक्यात का घातला नाही, हे मला आजवर समजलेलं नाही. कदाचित घालायचा तर आधी स्वतःच्या डोक्यात घालावा लागला असता.

"अहो भाऊ, तुमची आई मरत्येय!" मी ओरडले.

तो सीटकडे वळला. आईकडे पाहिलं. तिचे ओठ निळसर झाले होते. त्याने गॉगल काढला, तिकडचे पांढरे बूट पायाने पायाने काढले, तिला ओढून पाठीवर घेतलं आणि पोलादपूरच्या दिशेने धावत सुटला. मणक्यात गॅप असलेला माणूस. मागून मी, एका हातात एक बूट, दुसऱ्या हातात दुसरा. बूट का उचलले असतील मी? तिथे टाकले असते तर रस्त्याचं काय बिघडलं असतं? पण तेव्हा मला एवढंच सुचलं.

म्हातारी त्याच्या पाठीवर ओकली. त्याचा रेशमी शर्ट पाठीला चिकटला. तो थांबला नाही. "हळू रे मेल्या, आतडी हालतात," एवढं तिचं ऐकू आलं, आणि मला बरं वाटलं. शिव्या देत्येय म्हणजे आहे. मग शिव्याही बंद झाल्या. तो धापा टाकत नुसतं "आई, बोल. आई, शिवी दे," म्हणत होता. तिकडचं काहीही त्या वेळी त्याच्या तोंडात नव्हतं.

महाबळेश्वरकडून गाजरं भरलेला एक टेम्पो उतरत आला, त्याला मी दोन्ही बूट हलवून थांबवलं. गाजरांच्या पोत्यांवर म्हातारीला निजवून पोलादपूर गाठलं. तिथे सुई झाली, सलाईन लागलं आणि तशीच महाडला नेली. महाडच्या डॉक्टरांनी दोन दिवस तिच्या छातीला नळी लावून ऐकलं. जगली.

ती जगणार हे कळलं, त्यानंतर पाचच मिनिटांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याचा आवाज आला. "तिकडं असं झालं असतं तर हेलिकॉप्टर आलं असतं." अनवाणी उभा होता. तळव्यांना फोड. बूट अजून माझ्याच पिशवीत होते. मी ते त्याच्यासमोर आपटले आणि घरी आले.

माणूस सुधारला असेल अशी आशा असेल तर सोडा. टायराबद्दल तो कधी अवाक्षर बोलला नाही. उलट पुढल्या महिन्यात तशाच दुसऱ्या बारीक टायराला त्याने गिऱ्हाईक गाठलं. मी गॅलरीतून ओरडले, "आधी लावून बघा हो!" गिऱ्हाईक पळालं. आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. माझा टायर मी परत दिला नाही. त्यात माती घालून कढीपत्ता लावला. तोही जगला नाही.

वर्षभराने तो पुन्हा आखातात गेला. गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे. कुणी म्हणतं तो तिकडंच राहिला, कुणी म्हणतं मुंब्र्याला पाहिला. म्हातारी गेली तेव्हा आला नाही. विमानाचं जमलं नाही म्हणे. मी कापड्याला गेले होते. पाणी शेजारणीच्या मुलाने पाजलं. असा तो.

पण जायच्या आधी ते वर्षभर तो रोज रात्री आमच्याकडे जेवायला होता. पाट मांडून, ऐसपैस. माझ्या तांदळाच्या भाकरीला नावं ठेवायचा आणि चौथी मागून घ्यायचा. आमचे हे चिडत. "त्या लफंग्याला कशाला पोसतेस? स्टेपनी खाल्लीन् ती पुरे नाही झाली?" मी तव्यावर पुढची भाकरी टाकायची. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी मी म्हातारीला पेज घेऊन गेले होते आणि तिच्या लेकाबद्दल मनात साचलेलं सगळं तिच्यासमोर ओकणार होते. टायर, टॅक्सी, चुकीची भोकं, सगळं. तिने मला बोलूच दिलं नाही. पेजेचा घोट घेऊन म्हणाली,

"बरं झालं गो तुझा टायर बसला नाय. मोठा झाल्यापासून मेल्यानं अंगाला अंग लावलं नव्हतं. पण त्याच्या पाठीची हाडं टोचली गो मला रस्ताभर. तू शेजारीण ना त्याची? मग काय बघतस? जेवायला घाल त्याला."