गोळ्यांचा डबा आणि वर्षाची ज्वारी

माझ्या आजारपणात मला दोन डॉक्टर होते. एक कॅन्सरच्या दवाखान्यातले, दुसरे घरातले, म्हणजे आमचे हे. ह्यांच्याकडं बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. घरातल्या प्रत्येक दुखण्यातून उरलेल्या गोळ्या त्यात पडायच्या. कुणी शिंकलं की डबा उघडला! गल्लीतली माणसंही हक्कानं गोळी मागायला यायची, कारण ह्यांच्या हाताला गुण होता म्हणे.

फुप्फुसात गाठ निघाली तेव्हा मी रडले नाही, चिडले मात्र खूप. उन्हाळा होता, वर्षाची ज्वारी भरायचे दिवस. मी ह्यांना म्हटलं, "औंदा पोतं नको. लागंल तशी पिशवीभर आणा." हे गुपचूप पिशवी घेऊन गेले.

मग माझ्या वाट्याला मऊ भात, साबुदाण्याची खीर आणि भेटायला येणाऱ्यांनी आणलेले बिस्किटांचे पुडे आले. माझी भाकरी बंद. डॉक्टरांनी आहार विचारला तेव्हा ह्यांनी मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं. डॉक्टर हसले. म्हणाले, मला लावत होते ते इम्युनोथेरपीचं सलाईन शरीरातल्या पहारेकऱ्यांना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींना, गाठीवर सोडतं, आणि आतड्यातले जिवाणू त्या कामाला हातभार लावतात असं दिसतंय. "जिवाणूंना डाळी, पालेभाज्या, भाकरी लागते. पचत असेल तर खाऊ द्या. आणि मला विचारल्याशिवाय अँटिबायोटिक नको. त्यानं हे जिवाणूच मरतात."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

पुढं मला सर्दी-ताप आला. हे डबा घेऊन हजर.

"आगं, एकच गोळी. मागं लगेच उतरला व्हता ताप."

"आधी डॉक्टरांना फोन लावा!"

डॉक्टरांनी बोलावून रक्त तपासलं. अँटिबायोटिकची गरज नव्हती. असती तर दिलं असतं, म्हणाले. हे दिवसभर फुगून बसले. पण शेजारीण खोकत गोळी मागायला आली, तेव्हा दारातूनच म्हणाले, "दुकान बंद केलंय, वहिनी. डाक्तरकडं जा." डब्यात आता ह्यांनी कुटलेली जवसाची चटणी होती. मीठ जास्त झालं होतं, पण मी भाकरीशी चाटून पुसून खाल्ली.

पावसाळा सरता सरता स्कॅन झालं. गाठ बरीच आटली होती.

"भाकरीनं का, साहेब?" ह्यांनी विचारलं.

"औषधानं. भाकरीनं किती साथ दिली, ते नक्की सांगता यायचं नाही."

घरी येताना ह्यांनी वाटेतल्या छावणीच्या धान्यबाजारात रिक्षा थांबवली आणि उतरून गेले. आले ते हमालाच्या पाठीवर ज्वारीचं पोतं घेऊन.

"अहो, आता केवढी महाग असंल!"

"आसू दे. वरीसभर लागंल."

गाठ निघाली तेव्हा न आलेलं रडू मला तिथं, भर बाजारात, रिक्षात बसल्या बसल्या आलं. पोतं नीट लावायच्या निमित्तानं हे कितीतरी वेळ वाकूनच राहिले.

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "दळण मात्र तुमीच आणायचं. वरीसभर."