लाल देठाचं धान

आम्ही मूळचे कापूस-ज्वारीवाले. गाव वर्धा नदीपलीकडे, मोगलाईत. राज्य बदलण्याच्या धामधुमीत हत्यारबंद टोळ्यांनी गाव जाळलं, तेव्हा आम्ही नदी ओलांडून जीव वाचवला. सारं निवल्यावर परत गेलो, तर लागोपाठ दोन वर्षं पावसाचा पत्ता नाही. एकोणीसशे पन्नास साल उलटून गेल्यावरच्या एका पावसाळ्यात सासू, नवरा आणि मी डोक्यावर गाठोडी घेऊन चांद्यावरून पायी निघालो, ते सावली गावाकडच्या धानाच्या मुलखात येऊन थांबलो. नवऱ्याला जंगलात बांबू तोडायचं काम मिळालं. तो बाजाराच्या दिवशी तेवढा दिसे.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हा सासूसुनेला गोठ्याला लागून असलेली झोपडी दिली. बोली सरळ होती. निंदण करायचं, म्हणजे पिकातलं तण काढायचं, काम पटलं तर मळणीपर्यंत राहायचं, नाही पटलं तर दुसरं गाव पाहायचं. मला पाचवा महिना लागला होता आणि पायांना फोड आले होते. दुसरं गाव पाहायची माझी मुळीच तयारी नव्हती.

सासूचा तोरा मात्र गावाकडचाच. इथलं काहीही तिच्या तोंडून कधी ‘आपलं’ म्हणून निघालं नाही. झोपडी त्यायची, भात त्यायचा, विहिरीचं पाणीही त्यायचं.

पहिल्याच दिवशी म्हाताऱ्याने आम्हाला एका बांधीत, म्हणजे पाणी साठवलेल्या धानाच्या खाचरात उतरवलं आणि तो बैल घेऊन निघून गेला. काय काढायचं, हे त्याने सांगितलं नाही. त्या गावात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असणार, सांगायचं कशाला? आजूबाजूच्या बांध्या हिरव्यागार होत्या. आमच्या बांधीत मात्र हिरव्यामध्ये लालसर-जांभळ्या देठांची रोपं होती. सासूने एक उपटून नाकाशी धरलं.

“लाल्या पडला पाह्य,” ती म्हणाली. “वेळेवर आलो आपन, नाईतं सारं वावर खाल्लं असतं यानं.”

कपाशीवर लाल्या आम्ही जन्मभर पाहिलेला. पानं लाल पडली की झाड गेलं. त्यामुळे मलाही शंका आली नाही. दुपारपर्यंत आम्ही वाकून वाकून एकेक लाल रोप उपटलं. सासूचं काम चोख. मुळांची माती झटकायची आणि रोप धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, मुळं वर करून उन्हात टाकायचं, म्हणजे पुन्हा जीव धरायला नको. मला दर मुठीला धुऱ्यापर्यंत चिखल तुडवत जाणं होईना. मी जागच्या जागी पाण्यात सोडून देत होते.

“अंगात आळस भरला आहे तुह्या,” सासू तिकडून म्हणाली. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

उन्हं कलल्यावर म्हातारा आला. धुऱ्यावरचा लाल ढीग पाहून तो खालीच बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“बाई, हेच तं धान आहे,” तो म्हणाला. “हिरवं आहे ते रानधान. लोंबी येईपर्यंत दोन्ही एकसारखे दिसते, मनून या बांधीत लाल देठाचं पेरतो. हिरवं काढाचं असते.”

म्हणजे आम्ही दिवसभर राबून त्याचं पीक उपटलं होतं आणि तण जपून ठेवलं होतं. मला रडू फुटलं. शरम होतीच, पण खरं सांगायचं तर पुन्हा चालावं लागणार याची भीती जास्त होती. सासूने पदराला हात पुसले.

“आमी गाठोडं बांधतो, भाऊ,” ती म्हणाली. तिचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

म्हातारा उठला. धुऱ्यावरची रोपं वाळून गेली होती. मग त्याचं लक्ष माझ्या बाजूला, पाण्यात तरंगणाऱ्या रोपांकडे गेलं.

“हे कोनं टाकले पान्यात?”

“मी,” म्हटलं. “जाणं-येणं होत नव्हतं.”

“मंग हे जगते. चाला, हिरवं काढा अन् हे रोवा.”

तो स्वतः आमच्याबरोबर चिखलात उतरला. रोप तीन बोटांत कसं धरायचं, किती खोल दाबायचं, ते त्याने सासूला दाखवलं आणि तिने मुकाट्याने शिकून घेतलं. माझ्या आळसाबद्दल ती पुढे कधी बोलली नाही. अर्धी बांधी वाचली. मळणी झाली तरी जा म्हणून कोणी म्हटलं नाही आणि माझी मुलगी त्याच झोपडीत जन्मली.

पुढच्या पावसाळ्यात आमच्याच भागातलं एक कुटुंब गावात आलं. त्यातली बाई त्या बांधीत उतरली आणि तिचा हात सरळ लाल देठाकडे गेला. सासू माझ्या मुलीला कडेवर घेऊन धुऱ्यावर उभी होती.

“त्याले हात नोको लावू, बाई,” ती म्हणाली. “लाल ते आपलं आहे.”