नेट गेलं की येते

माझी नोकरी नेटवर्किंगमधली. सिग्नल गेला तर त्याला कारण असतंच आणि ते सापडेपर्यंत उठायचं नाही, ही सवय हाडात मुरलीय. त्यामुळे या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी चहा पिता पिता वाचते आणि मनातल्या मनात प्रत्येकाचं कारण शोधून मोकळी होते. आज माझाच लिहितेय... आणि कारण सापडलेलं नाही.

आम्ही हैदराबादचेच मराठी. बाबा रेल्वेतून रिटायर झाले, तारनाक्याला आमचं जुनं बसकं घर आहे. मी लग्नानंतर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, गच्चीबावलीला राहते. आई शेवटच्या वर्षी अंथरुणाला खिळली, तेव्हा मी घरी दोन स्मार्ट स्पीकर लावून दिले – एक तिच्या उशाशी, एक मागच्या व्हरांड्यात, जिथे बाबा कुंड्यांत रमलेले असतात. आईला हाका मारून दम लागायचा. मग ती स्पीकरवरून बोलवायची. आधी टिंग वाजायचं आणि मग, "अहो, ऐकलं का?" बाबा हातातली माती झटकत म्हणायचे, "हौ, आलो!"

मागच्या वर्षी आई गेली. तिचा स्पीकर मीच काढून कपाटात ठेवला. व्हरांड्यातला राहू दिला, कारण बाबा आता एकटे. काही झालं तर नुसतं बोलून मला कॉल लावता यावा, एवढीच माझी इच्छा.

पण तो स्पीकर सारखा ऑफलाइन जायचा. मी ऑफिसातून कॉल लावावा तर लागायचा नाही. एकदा तर काळजीनं मीटिंग सोडून मेट्रोनं तारनाका गाठलं... बाबा निवांत मोगऱ्याला पाणी घालत होते.

"बाबा, हे नीट करून टाकते मी."

"राहू दे ना वैशू. उगी परेशान होते."

तीन-चारदा असंच टाळलं त्यांनी. मला वाटलं, म्हातारपणीचा हट्ट. शेवटी एका रविवारी न सांगताच सामान घेऊन गेले. दोष साधाच होता. राउटर पुढच्या खोलीत टीव्हीच्या मागे, मध्ये लोखंडी कपाट आणि जुन्या जाड भिंती. व्हरांड्यापर्यंत सिग्नल धड पोहोचतच नव्हता. नवा राउटर आणला होता, शिवाय पॅसेजमध्ये लावायला सिग्नल पुढे नेणारा त्याचा जोडीदार डबा. जेवणं झाल्यावर मी जुन्या राउटरची वायर काढली. म्हणजे घरात आता वाय-फाय नाही, काहीच नाही. मी पॅसेजमध्ये स्टुलावर उभी, बाबा व्हरांड्यात खुर्चीवर.

टिंग वाजलं.

मला वाटलं, स्पीकर 'इंटरनेट मिळत नाही' म्हणणार. तसं तो म्हणतोच.

"अहो, ऐकलं का?"

आईचा आवाज. दम लागल्यावर मध्येच तुटायचा, तसाच.

"वैशूनं केस कापले का? बरे दिसतात की. मी उगी नको नको म्हणायचे."

भिंतीला हात टेकून मी स्टुलावर तशीच उभी राहिले. केस मी त्याच आठवड्यात कापले होते. आई रुसेल म्हणून इतकी वर्षं कापले नव्हते.

बाबा अगदी सहज म्हणाले, "हौ. छान दिसतात."

मी धावत बेडरूममध्ये गेले, कपाट उघडलं. आईचा स्पीकर साड्यांच्या मागे, वायर गुंडाळून रबर लावलेली. मी ठेवला होता तसाच. परत आले तेव्हा बाबा माझ्याकडेच बघत होते.

"तुला पण ऐकू आलं?"

मी मान हलवली.

"नेट गेलं की येते," ते म्हणाले. "नेहमी नाही. कधीमधी. कुंड्यांचं विचारते, जेवलात का म्हणते. तुला सांगितलं असतं तर तू मला डॉक्टरकडे नेलं असतंस."

मी जमिनीवर त्यांच्या पायाशी बसले. म्हटलं, "बाबा, मी जुना राउटर परत लावते. हे सगळं घेऊन जाते."

त्यांनी माझ्या कापलेल्या केसांवरून हात फिरवला.

"नको बेटा. लाव ते. तू तिकडे घाबरून असतेस, तिला ते आवडणार नाही."

मी लावलं. रडत रडत लावलं. तेव्हापासून स्पीकर आपणहून एकदाही ऑफलाइन गेला नाही. दोन महिन्यांनी बाबांना न्हाणीतून येताना चक्कर आली, व्हरांड्यात पडल्या पडल्या त्यांनी त्यावरूनच मला हाक मारली. मी शेजारच्यांना फोन केला, त्यांनी बाबांना वेळेवर दवाखान्यात नेलं. आता बरे आहेत. म्हणजे मी केलं ते बरोबरच होतं, नाही का?

आई मात्र पुन्हा आली नाही. बाबा घरात नसताना मी एकदा नवं सगळं काढून जुना राउटर लावून पाहिला. दुपारभर व्हरांड्यात बसले. मग सगळंच बंद करून बसले. समोरच्या घरातला कुकर, रिक्षांचे हॉर्न, बस्स.

स्पीकरच्या नोंदींचे लॉग तपासले, रेकॉर्डिंग शोधलं, ऑफिसातल्या मित्राला कुणाच्या घरचं ते न सांगता विचारलं. नेट नसताना, दुसरा स्पीकर बंद असताना असा कॉल येऊच शकत नाही, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. पण खरं सांगू का... कारण कळून माझं भागणार नाही. त्या दुपारी आई माझ्याविषयी बोलत होती. बाबांनी तिला उत्तर दिलं. आणि मी, चार पावलांवर उभी, नुसती ऐकत राहिले... 'आई' एवढंसुद्धा म्हणाले नाही.